थंड इंजिन

जळगावात मे महिन्यात
थंड इंजिन बघायला मिळत नाही,
ही अडचण मला कुणी सांगितलीच नव्हती.

अजिंठा चौफुलीजवळ पाहिली पहिली साडेतीनशे.
टाकी अशी चमकत होती की तिच्यात माझा चेहरा
माझ्यापेक्षा बरा दिसला.
मीटर म्हणे अठरा हजार.
पायदानाचं रबर मात्र शेवटच्या आठवड्यातल्या साबणासारखं.
अठरा हजारात एवढा पाय कोण घासतो?
विकणारा म्हणाला, एकहाती गाडी आहे, डॉक्टरची.
जुन्या गाड्या सगळ्या डॉक्टरांच्याच असतात.
एवढे डॉक्टर खरंच फिरत असते
तर वैजापूरच्या पाड्यांवर
लशींचा डबा मांडीवर आवळून मी गेलो नसतो.

हिलाल मिस्तरी उकिडवा बसला,
इंजिनाला तळवा लावला.
"तपेल शे."
मग वर बघितलं. चव्वेचाळीस डिग्री.
"उन्हानी तपाडं का मालकनी, कसं समजी?"

गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतात.
गरम इंजिन पहिल्या किकला बोलतं,
खडखड गिळतं, धूर गिळतं,
पाहुण्यांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखं
नाव, इयत्ता, सगळं नीट सांगतं.
थंड इंजिनाला झोपेतून उठवावं लागतं.
ते जे पुटपुटेल, ते खरं.

म्हणून भुसावळ. म्हणून हिलालच्या बहिणीच्या गच्चीवर
रात्रभर मालगाड्या मोजत पडणं,
आणि पहाटे पाचला बऱ्हाटेंचं फाटक वाजवणं.
लोको शेडमधून रिटायर झालेला माणूस,
बनियनवरच आला, दात घासत.
गोणपाट ओढलं. गाडी काळी, जुनी, पुसलेली;
नटवलेली नव्हती.
मी हात लावला.
रांजणाच्या पोटासारखं गार.

किक. काही नाही.
किक. खोकली.
तिसऱ्याला सुरू झाली, आणि हिलालनं पेचकस काढला.
तीस वर्षं चोपड्याच्या जिनिंगमध्ये काढलेला माणूस,
कानानं अर्धाच उरलेला.
पेचकसाचं टोक इंजिनाच्या झाकणावर,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
बऱ्हाटेंनी तोंडातला फेससुद्धा थुंकला नाही.

मग ते वही घेऊन आले. प्रत्येक ऑइल, तारखेसकट.
मी पानं चाळत होतो तेव्हा म्हणाले,
"यात एक गोष्ट लिहिलेली नाही.
हतनूरच्या कालव्याजवळ पडलो होतो. एकोणीस साली.
हँडल अर्धं बोट डावीकडे ओढतं.
तीन ठिकाणी दाखवलं, निघत नाही.
बायकोलाही सांगितलं नव्हतं, हे आत्ताच ऐकतेय ती."
आत भांडं आपटलं.

भाव करायला मी तोंड उघडलं होतं.
पाच हजार तरी सुटले असते त्या अर्ध्या बोटावर.
हिलालनं माझ्या कोपराला पेचकस टोचला,
आणि मी सांगितले तेवढेच मोजले.

तापी ओलांडली तेव्हा ऊन नुकतं येत होतं.
यावल, किनगाव, दोन्ही बाजूंना केळी,
आणि गाडी सारखी डावीकडे, केळींकडे बघणारी.
मी तिला सरळ करतो, ती पुन्हा बघते.
अडावदला चहाला थांबलो.
"काय ऐकलं तू?" मी ओरडून विचारलं.
"टायमिंग चेन थोडी ढिल्ली.
बाकी बरी." बशी फुंकली.
"कान फसाडतस. हाड नही."
मजुरी घेतली नाही. चहाचे पैसेही त्यानंच दिले,
हे का, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी पोचायला साडेदहा वाजले.
स्टँडवर लावली, सवयीनं तळवा टेकवला
आणि चटका बसून काढून घेतला.
हिलाल फाटकाबाहेर उभा, हसत होता.
"उन्हानी का मालकनी?"