चार बोटं वर

टेप मी नंतर काढते.
आधी सांगते, चालून दाखवा.
रोज चालता तसं. मी इथे नाहीच असं समजून.

ओनोमिचीच्या चढावर, गोदीकडे तोंड करून बसलेलं घर.
रस्त्यापासून त्र्याण्णव पायऱ्या,
लाकूड खांद्यावर घेऊन मोजल्या मी.
त्या काही माझ्याने सपाट होणार नव्हत्या.
मला दिलेलं काम आतलं:
न्हाणीचा उंबरा,
आणि अंथरुणापासून संडासापर्यंतची अकरा पावलं.

फुमिएबाई निघाल्या.
उजवा हात भिंतीला,
डावा पाय मागून येतोय,
नको म्हटलेल्या पाहुण्यासारखा.
परतताना भिंत नेमकी डावीकडे जाते.
मग त्या खेकड्यासारख्या आडव्या होतात,
उजवा हात तिथेच ठेवून
सरकत सरकत येतात.
समोरची बाजू सगळी कागदी दारांची,
तिच्यात स्क्रू धरत नाही.

हाताची उंची किती, ते पुस्तकात लिहिलेलं असतं.
मला भिंत जास्त पटते.
दोन वर्षांत तळव्याच्या तेलाने
गिलाव्यावर एक पट्टा उमटलाय,
पूर ओसरल्यावर खूण राहते तसा.
त्याच्यावरून पेन्सिल फिरवायची, बस.

उंबऱ्यावर पाय देऊ नये,
माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
आता तोच उंबरा मी तासत बसते,
इतका की पाय त्यावर पडला हे
पायालाही कळू नये.
या अर्जापायी तोकुजींनी
नगरपालिकेचे उंबरे झिजवले म्हणे चौदा महिने.
घरातल्याला मात्र रंधाच लागला.

रेघ अर्ध्यावर आली आणि मी चष्मा पुसला.
डाग दोन होते.
दुसरा चार बोटं वर.
मोठ्या पंजाचा, फिकट, तुटक.
दोनच जागी:
दिवा पोचत नाही तिथे,
आणि वळणावर.

मागे तोकुजी उभे.
चाळीस वर्षं जहाजांना जोड दिलेले हात
पाठीशी बांधून.
मी वळले तशी मान ताठ केली.
माझं काय, मी ठणठणीत.
तिचं बघा.

अर्जावर नाव एकच.
मी बोलले नाही.
बोलले असते तर चहा पाजून
त्यांनी मला त्र्याण्णव पायऱ्या उतरवलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिचा कठडा बसला,
दांडा थोडा उरला.
त्याचे दोन तुकडे केले,
कडा मारल्या, पॉलिश केलं,
चार बोटं वर लावले, दोनच जागी.
बिलात लिहिलं:
टॉवेलसाठी दांडी, नग दोन, पैसे नाहीत.

टॉवेल? तोकुजी म्हणाले.
संडासाच्या वाटेवर टॉवेल कुणी वाळत घालतं का?

फुमिएबाईंचे शब्द हल्ली तिरपे पडतात,
अर्धे ओठांतच राहतात.
हा मात्र सरळ पडला:
हवीच होती मला.

टॉवेलचं वजन ते किती असतं.
मी स्क्रू बोटभर लांब घेतले,
गिलाव्यामागच्या खांबात रुतणारे.
मग दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं,
तोकुजी स्वयंपाकघरात गेले तेव्हा.

हिवाळ्यात पुन्हा गेले, एक दार कुरकुरत होतं म्हणून.
दांडीवर टॉवेल होता. निळा.
घडी मोडलेली नाही, टोकाला दुकानाची चिठ्ठी तशीच,
आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड
चकाकायला लागलेलं.

मी दाराला मेण लावलं.
निघताना फुमिएबाईंनी कानाशी सांगितलं,
थांबत थांबत,
की दर सोमवारी त्या तो टॉवेल धुतात.