नाकारलेल्यांची वही

नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय:
वरिष्ठ संशोधक, अशनी संग्रह, संशोधन आणि प्रसार.
प्रसार म्हटलं की आईला डेंग्यू आठवतो.
"म्हणजे तू नक्की करतेस काय?"
दगड सांभाळते, आई.
आणि लोकांना सांगते
की त्यांचा दगड दगडच आहे.

विद्यापीठाच्या तळघरात एकशे बारा खण.
चावी माझ्या गळ्यात,
डबा खाताना कधीकधी आमटीत बुडते.
सिलिका जेलच्या पुड्या दर सोमवारी बदलायच्या,
कारण साडेचार अब्ज वर्षं न गंजलेलं लोखंड
पुण्याच्या एका जुलैत गंजतं.

गुरुवारी शाळा येतात.
परवा हडपसरची, चौथी ब.
हातमोजे सगळ्यांनाच मोठे.
एकीने खणातल्या तुकड्याला नाक लावलं,
"बाई, ह्याला कसलाच वास नाही.
एवढ्या लांबून आला तरी?"
या प्रश्नावर माझा शोधनिबंध नाही.

बाकीचे दिवस पिशव्यांचे.
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून, हेल्मेटमधून,
एकदा तर कुकरमधून, शिट्टीसकट,
लोक आकाश घेऊन येतात.
भोसरीच्या फाउंड्रीतला स्लॅग,
कात्रज घाटातला काळा खडक,
डांबराचा गोळा, टायरची नक्षी उमटलेला.
मी चुंबक लावते, भिंगातून बघते,
फरशीच्या खरबरीत पाठीवर रेघ ओढते,
मग नाही म्हणते.
एका नाहीचे मला सतरा प्रकार येतात.

धोंडाबाई साबळे मंगळवारी आल्या,
नातवाच्या स्कूटरवर मागे बसून,
दगड ओटी भरल्यासारखा पदरात.
"नावाला हसू नका.
माझ्या आधीची तीन गेली, म्हणून मला धोंडा म्हटलं.
धोंड्याला कोण नेतंय?"
दगड सदुसष्ट सालचा. त्या तेव्हा बारा वर्षांच्या.
रात्री उजेड पडला, कुत्री गप्प झाली,
सकाळी नाचणीच्या वावरात हा.

चुंबक हललं नाही.
अंगावर बुडबुड्यांची भोकं,
भोकांत पांढरा झिओलाइट, साखरेसारखा.
आपल्याच डोंगराचा.
मी सतरावा प्रकार काढला, सगळ्यात मऊ.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या.
"वरून पडलेल्याला गावाचं नाव देतात म्हणे.
नातवाने मोबाइलवर वाचलं. खरंय?"
खरंय. पडतो तिथलं जवळचं गाव.
"मग हा तसला निघाला असता,
तर आंबेसरी लिहिलं असतं तुम्ही?"
लिहिलं असतं.
"कायमचं?"
कायमचं.

आंबेसरी आता नकाशात निळी आहे.
धरणाला नाव पडलं ते वरच्या गावाचं,
जे बुडलंच नाही.
मे महिन्यात पाणी उतरलं की शाळेचं जोतं वर येतं,
रविवारी तिथे गाड्या लागतात,
कणसं विकणारा बसतो.
हे सगळं नातवानेच सांगितलं.
त्या माझ्या कपाटाकडे बघत होत्या,
एकेका चिठ्ठीवरची गावं.

मी खोटं काही लिहिलं नाही.
खोटं न लिहिण्याचाच पगार आहे.
पण टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात
एक दोनशे पानी वही आहे, नाकारलेल्यांची.
कुणी मागितलेली नाही,
ऑडिटला मी ती दाखवत नाही.
तीत लिहिलं:
क्रमांक चारशे सहा. बेसॉल्ट, झिओलाइटसह.
वजन एक किलो दोनशे दहा.
अशनी नाही.
नाव, आंबेसरी.

धोंडाबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं,
शेवटच्या शब्दाशी थोडं थांबवलं.
वाचता येतं का, मी विचारलं नाही.
मग दगड उचलून पुन्हा पदरात घेतला.
ठेवून जा की इथे, मी म्हटलं,
माझ्याकडे नऊ खण रिकामे आहेत.
"नको बाई," त्या म्हणाल्या,
"लोणच्याच्या दादऱ्यावर लागतो."