शेंड्या

दिदुबेच्या पुलाजवळ, जिथे ट्रक थांबतात,
तिथल्या पाच टेबलांच्या खानावळीत
खाल्लेलं लपत नाही.
खिंकाली धरायची ती शेंडीला,
उलटी करायची, एक बारीक चावा,
आतला कढत रस्सा आधी ओढून घ्यायचा, मग बाकीची.
एकोणीस कळ्या पाडून वर पिळलेली शेंडी मात्र
जाड, कच्चट. ती कोणी खात नाही.
ती ताटाच्या कडेला राहते.
जेवण झालं की शेंड्या मोजतात.

नोदारच्या ताटात एके काळी तीस असत.
बारा वर्षं तो चौऱ्याहत्तर किलोच्या गटात कुस्ती खेळला:
रबरी कपडे चढवून बॉयलरच्या खोलीत धावायचं,
दोन दिवस थुंकीसुद्धा गिळायची नाही,
आणि काट्यावरून उतरलं की तडक इथे.
वजन तेव्हा एका सकाळचं काम होतं.

आता गट डॉक्टरीणबाई ठरवतात.
"नव्वद," त्या म्हणाल्या, कागदावरून नजर न उचलता,
"आणि स्पर्धा रोज."

आज शुक्रवार. गुराम, बेसो, ओतार आणि तो.
लामारा विचारत नाही, लिहूनच टाकते: ऐंशी.
नोदार घसा खाकरतो.
मिनीबसमध्ये तीनदा घोकलेलं
भलत्याच क्रमाने बाहेर पडतं:
मला पाच.
पाव इथे नको, म्हणजे यांच्या बाजूला ठेव.
काकडी-टोमॅटो, तेल वेगळ्या वाटीत.
मासा आहे का? भाजलेला?

"कोण गेलं?" बेसो विचारतो.

लामारा ऐंशीवर काट मारते, पासष्ट लिहिते.
"तळू नको म्हणून मी आत सांगते," ती हळूच म्हणते,
"न सांगितलं तर तो तळतोच."

पहिली खिंकाली कुठे गेली, त्याला कळलंच नाही.
सवयीने हात दुसरीवर गेला
आणि थांबला.
दुसरी त्याने फुंकर मारून खाल्ली.
मिरी इतकी भरड असते,
चाळीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.
तिसरीला कोथिंबिरीचा देठ लागला.
चौथीच्या वेळी बाकीचे
चौदाव्या-पंधराव्याला होते,
हनुवट्यांवरून रस्सा ओघळत,
आणि त्याला त्यांचा इतका हेवा वाटला
की तो हात धुवायला उठला.

परत आला तर ताटात एकोणीस शेंड्या.

गुराम टीव्ही बघत होता, बंद असलेला.
ओतार बोटं पुसत होता, एकेक, अगदी मन लावून.
शेजारच्या टेबलावरची ट्रकवाली पोरं
त्याच्या ताटाकडे पाहून एकमेकांना कोपरं मारत होती:
बघ, म्हाताऱ्याचं पोट अजून शाबूत आहे.
नोदार बसला. काही बोलला नाही.
गुरामने ग्लास उचलला, जिवंत असलेल्यांच्या नावाने.
नोदारने ओठ ओले केले तेवढेच.

घरी दार उघडताच त्सियाला म्हणाली,
"एकोणीस?"
बातमी त्याच्या आधी जिना चढली होती.
गुरामच्या बायकोचा फोन.

तीस वर्षं त्याने तिला तीसचे दहा सांगितले होते,
आणि तिने ऐकून घेतले होते.
आज खरं सांगायला तोंड उघडलं
तर त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.
मग त्याने कोटाच्या खिशात हात घातला.
कागदी रुमालात गुंडाळलेली,
गार, एका बाजूने चपटी झालेली, शेंडीसकट,
पाचवी.

"चार," तो म्हणाला.

तिने ती तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी.
बराच वेळ पाहिली.
मग स्वयंपाकघरात जाता जाता, सवयीनेच, तिने विचारलं,
"लोण्यात परतू का? अर्धी अर्धी?"