चालू औषधे : काही नाही

कात्रजहून निगडीला निघालं की
शिवाजीनगर येईतो डावी पोटरी भरून यायची.
म्हटलं, तिकिटं फाडत उभं राहून राहून. पाय बोलणारच.
रात्री दशरथनी तेल लावून चोळून दिली.
(चोळायची नव्हती, हे मागाहून कळलं.)

ससूनमध्ये तांबोळी नावाची पोरगेलीशी डॉक्टर,
ऍप्रनच्या खिशाला शाईचा डाग.
"चालू औषधं?"
"काही नाही."
तिनं तसं लिहिलं.

मी खोटं बोलले नव्हते.
औषध म्हणजे दुखलं-खुपलं की घेतात ते.
ही तर भांडी पालथी घातली की साडेनऊला,
नळाच्या पाण्याबरोबर,
एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी,
मशीनच्या बॅगेत चिल्लरच्या कप्प्यात.
अकरा वर्षं. एक रात्र चुकली नाही.
दशरथना ऑपरेशन नको होतं,
म्हणाले, माझं जड काम आहे.
मार्केटयार्डात ते हिशेब लिहितात.

पहिलं पाकीट आशाताईंनी दिलं,
पुढची बिबवेवाडीच्या मेडिकलवाल्यानं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तो माझ्याकडे बघायचा नाही,
मीही त्याच्याकडे बघायचे नाही.
दंडाला पट्टा बांधून बीपी बघणार कोण, आणि कधी?

थंडगार जेल. पडद्यावर काळी शीर.
डॉक्टर म्हणाली, दाबली की ही मिटायला हवी.
तिनं दाबली.
पुन्हा दाबली.
मिटेना.

"पाळी लांबवायची, मूल न होण्याची, असली काही गोळी?"
"ती आहे की."
"अहो, मग मघाशी..."
"मघाशी तुम्ही औषध विचारलंत."
ती हसली. मग हसायची थांबली.

म्हणाली, गोळी वाईट नाही,
कितीतरी बायका घेतात, काही होत नाही.
पण तुमची चाळिशी उलटली, बीपी एकशे साठ,
आणि घरात कुणाला गुठळी?
"नाही."
"आई कशानं गेल्या?"
"वारं बाधलं."
तिनं पेन खाली ठेवलं.

पानशेतच्या अलीकडचं आमचं गाव.
धाकट्याच्या वेळची नववी सकाळ.
अळिवाची खीर खाता खाता आईला धाप लागली,
जीप खिंडीत असतानाच सगळं उरकलं.
"पाय सुजला होता?"
मी सहा वर्षांची होते, मला काय माहीत?
मग आठवलं,
आईनं एकाच पायातलं जोडवं काढून ठेवलं होतं,
बोटात रुततं म्हणून.
आत्या वर्षभर म्हणत होती,
एका पायात जोडवं नाही, तिथंच अपशकुन झाला.

"कुठल्या पायातलं?"
मी खाटेच्या कुठल्या बाजूला उभी होते ते आठवत बसले.
डाव्या.

आता रोज पोटात सुई. बेंबीजवळ जांभळे डाग,
शाळेतल्या नकाशावर तळी असतात तसे.
उरलेल्या नऊ पांढऱ्या अजून चिल्लरमध्येच आहेत,
टाकायच्या म्हणते, राहून जातं.

परवा गौरी बसणार होत्या.
प्रांजलला आत्यानं, माझ्या आत्यानं नव्हे, तिच्या,
पाळी पुढे ढकलायची गोळी आणून दिली.
मी पाकीट उचललं तर वन्सं म्हणाल्या,
"अगं, औषध नाहीये ते!"

मी मशीनमधून हातभर कोरी पट्टी ओढली आणि लिहिलं :
आजी, नऊ दिवसांची बाळंतीण, डावा पाय.
आई, एक्केचाळीस, डावा पाय.
प्रांजल म्हणाली, हे काय?
म्हटलं, पाकिटात ठेव, डॉक्टर विचारतील तेव्हा दाखव.
"आणि नाही विचारलं तर?"

या कागदावर मशीनची छपाई सहा महिन्यांत उडते,
म्हणून बॉलपेननं लिहिलंय.
दाबून. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तरी लागेल.