एकशे अडुसष्ट तास

बटण दाबलं तर पाटी आली:
अर्ज मिळाला. एकशे अडुसष्ट तासांनी या.

फोन माझा. तेरा हजार नऊशे नव्याण्णव,
महाप्याच्या डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीचे.
पावती अजून तांदळाच्या डब्याखाली आहे.
तरी त्यात एक रमीचं अ‍ॅप आहे, विकत घेतानाच आत बसलेलं.
बाबांचा अंगठा रोज चुकून त्याच्यावर पडतो.
काढायला गेलं की म्हणतं,
बंद करता येईल, काढता येणार नाही.
पाहुण्यानं यावं, आपल्या भिंतीत खिळा ठोकावा,
सदरा टांगावा
आणि जायचं नावच काढू नये, तसं.

कोपरखैरण्याचा तबरेज केबल देताना म्हणाला,
मॅडम, मुळाशी हात घालताय.
फोनची वीट झाली तर माझ्याकडे आणू नका.
म्हटलं, वीट कधीचाच आलाय.
तो हसला नाही. त्याच्या काउंटरखाली
अशा विटांचं एक खोकं होतं.

तर सात दिवस.
कंपनीला वाटतं, तेवढ्यात माणसाचा राग निवतो.

बाबांना मी हे तास सांगितले नाहीत.
त्यांची बेलापूरला फाईल आहे,
साडेबारा टक्क्यांची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
बुधवारी ते करंजाळीच्या खाचराकडे गेले होते.
म्हणजे आता तिथे बावीस मजले आहेत.
वॉचमननं विचारलं, कोणाकडे?
बाबा म्हणाले, विहिरीकडे.
त्यानं अ‍ॅपवर परवानगी मागवली.
विहिरीनं काही कळवलं नाही.

आठव्या दिवशी पहाटे, पाळीवरून आल्या आल्या,
घणसोली गावठाणातल्या आमच्या ओट्यावर बसून
मी फोन उघडला.
आधी सगळं पुसलं जातं. ते माहीत होतं,
पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, जुन्या सातबाऱ्याच्या फोटोसकट.
मग बऱ्याच काळ्या ओळी. एक घोट गार चहा.
दोन अक्षरं टाइप केली
आणि ओळीच्या तोंडाशी डॉलरचं चिन्ह होतं ते गेलं,
तिथे चार काड्यांची चौकट आली,
भारे रचण्याआधी खाली आडव्याउभ्या टाकतात तशी.

बस्, एवढंच. ना घंटा, ना पेढे.
पण आता कुणी विचारणार नव्हतं
नक्की ना? खरंच ना?
एक चुकीची ओळ, आणि घड्याळ, आवाज, आईचा नंबर,
सगळं चूपचाप गेलं असतं.
मालकी म्हणजे हे असतं, मला ठाऊक नव्हतं.
माझी बोटं थोडा वेळ हवेतच राहिली.

मग मी रमी काढली. मुळासकट.
ती कुणाच्या मुळावर आली होती, ते ती जाणे.

दुपारी बाबांनी फोन चालू केला.
आधी नारिंगी पाटी येते आता, दर वेळी, पाच सेकंद.
काय लिवलंय, बाय?
म्हटलं, याचं कुलूप कुणीतरी उघडलंय,
याच्यावर भरवसा ठेवू नका.
बाबांनी पाटी जाईपर्यंत वाट पाहिली.
मग म्हणाले,
कुलूप त्यांचा व्हता तवा भरवसा व्हता?

बँकेचं अ‍ॅप मात्र रुसून बसलं आहे.
हे उपकरण सुरक्षित नाही, म्हणतं, आणि तोंड फिरवतं.
दारात वत्सलामावशी बोंबलांची पाटी घेऊन उभी,
तिच्या गळ्यात ते चौकोनी चित्र लटकतंय.
बाबा आत गेले, तांदळाचा डबा उचलला,
पावतीखालून शंभराची नोट काढली,
झटकली.
आणि मला म्हणाले, मोजून घे, बारके देतेय.