चार बाय साडेतीन

दारव्ह्याच्या गजबेंच्या दुकानात
खिडक्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.
कुठल्याही खिडकीतून पाहा, पलीकडे तीच भिंत
आणि मागच्या सालचं कॅलेंडर.

काळी, सरकती : बाहेरून आरसा, आतून गॉगल.
'मॅडम, आतलं कोनाले दिसत नाही,' मोबीन म्हणाला,
मला जन्मात पहिल्यांदा मॅडम म्हणणारा पोरगा,
'अन् तुमाले सगळं दिसते.'
मग पांढरी. प्लास्टिकची, पण प्लास्टिक म्हणायचं नाही.
उदई लागत नाही, गंजत नाही, रंग मागत नाही.
म्हणजे हिला माझी काही गरजच नाही.
ह्यांना ती आवडली.
ह्यांना नेहमी शेवटची दाखवलेली आवडते.

पैसे प्रज्वलचे, म्हणून पुण्याहून व्हिडिओवर तोही दुकानात.
'आई, काळी घे. स्लायडिंग. धूळ येत नाही.'
मी विचारलं, 'कूलर कुठं बसन?'
दुकान गप्प. फोनही गप्प.
सरकती खिडकी उघडून उघडते अर्धी,
आणि आमचा कूलर मार्चअखेर खिडकीशी बसला
की मृगाशिवाय उठत नाही.
'पाहून सांगतो,' गजबे म्हणाले,
आणि चहा मागवला.

आमची जुनी : सागवानाची, दोन पल्ले, सात गज.
चौथा गज वाकडा.
प्रज्वल दीड वर्षाचा असताना त्यात डोकं घालून बसला,
तेव्हा अर्धी गल्ली बाहेरून ढकलत होती,
अर्धी आतून तेल चोळत होती,
आणि शेवटी ह्यांनी पहार आणली.
त्या वाकड्या फटीतून पुढं बावीस वर्षं
ब्लाऊजपीस आले, अस्तरं, हुकांची पुडी,
एकदा रात्री अकराला एका नवरीचा मेंदीचा हात :
'मामी, बाही लय तंग झाली जी.'
आणि मडावीच्या रुख्माची अंबाडीच्या भाजीची वाटी.
फट बरोब्बर एवढी,
की वाटी तिरपी न करता आत यायची.
उन्हाळ्यात मात्र तिथं कूलर.
मग रुख्मा दारातून येते,
पदर सावरून, पाहुणीसारखी.

चौकटीला उदई लागली हे कळलं कसं,
तर सुई टोचून ठेवायला गेले
आणि बोटच आत गेलं.
वरून रंग तसाच होता, हिरवा, दिवाळीचा.

जुनी काढली आणि मोबीनला ताप आला.
चार दिवस भिंतीत नुसतं भोक.
रात्री जुनी साडी बांधायची,
सकाळी वर गुंडाळायची
आणि मशीनवर बसायचं.
उजेड असा, की चाळीशीशिवाय
पहिल्या खेपेला दोरा सुईत गेला.
मांजर आलं, बसलं, कंटाळून गेलं.
रुख्मा आली, कोपर टेकवून उभी राहिली,
आणि मधे गज नव्हते तर
काय बोलावं दोघींनाही सुचेना.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
'वो माय, तुहं घर आतून एवढुसंच हाय?'
मी म्हटलं, 'हाव.'
तिला हसू आलं. मला जरा उशिरा आलं.

पाचव्या दिवशी मोबीन टेप घेऊन आला.
चार बाय साडेतीन. लोखंडी. पल्ले बाहेर उघडणारे.
खाली वीतभर कडाप्पा, वाटी ठेवता येईल असा.
पावतीच्या मागं त्यानं सगळं लिहून घेतलं.
'अन् चौथा गज वाकडा पायजे.'
'वाकडा?'
'वाकडा.'
'डिझाईन हाय का मॅडम, काही?'
ह्यांनी तोंड उघडलं, पण ते काही बोलले नाहीत,
त्यांना पहार आठवली असावी.

बसली खिडकी. चांगली बसली. पल्ला एका बोटानं फिरतो.
प्रज्वलला फोटो पाठवला,
त्यानं अंगठा पाठवला.

फक्त मोबीननं गज मोजले बाहेरून,
आणि मी सांगितले होते आतून.
सातात चौथा दोन्हीकडून चौथाच, तरी
कसा कोण जाणे, त्यानं तिसरा वाकवला.
मी काही म्हटलं नाही.

रुख्मा अजून जुन्या जागेशीच येते.
वाटी अडते.
मग ती मान खाली न घालताच
एक पाऊल सरकते.