पायाखालचं व्हय

शाहूपुरीत नेमगोंडा मगदूमच्या दुकानात
काचेवर दोन पेडल मांडलेत.
एक इचलकरंजीहून परत आलेला वाह,
रबराची पाटी एका कोपऱ्यात उचकटलेली,
दाबला की दाताखाली वाळू आल्यागत खरखर.
दुसरा फिल्टर, तपकिरीच्या डबीएवढा,
त्याला पाय लागत नाही.
तार किती जोरात ओढली ते ऐकून
आपलं आपण तोंड उघडतो, मिटतो.
तिसरा कपाटात. खास बेससाठी बनवलेला.
त्याची किंमत मी विचारली नाही,
नेमगोंडानं सांगितली नाही.
चांगला माणूस.

माझ्याकडं सहा हजार दोनशे,
शिरोलीच्या फौंड्रीतले, चार रविवारच्या ओव्हरटाइमचे.
तिथं मी कास्टिंग तपासतो.
हातोडीची टिचकी मारायची नि ऐकायचं.
निकोप नग घंटेगत लांबत जातो,
आत चीर असली तर ठप्प, आणि गप्प.
दिवसाला तीनशे नग.
हो, मी बाई आहे, आणि तपासतो म्हणतो.
आमच्याकडं असंच बोलतात.

इम्तियाज म्हणाला, "वाहच घे गं.
फिल्टर म्हंजे आपल्या वतीनं दुसऱ्यानं डोळा मारायचा.
पाय आपला, मर्जी आपली."
त्याचं बरं आहे. गिटारवाला.
त्याचा सगळा संसार वरच्या मजल्यावर.

बेस जोडला. सगळ्यात जाड तार.
टाच खाली, आवाज घोंगडीत.
बोटं खाली, आवाज नाकात.
पण तळ?
पोहरा पाण्याला लागल्याचं ऐकू यावं
आणि वर ओढला तर रिकामा, तसं झालं.

मग फिल्टर. हळू वाजवलं तर झोपला,
जोरात वाजवलं तर बेडकागत ओरडला.
माझ्या बोटांना मधलं काही येत नाही
हे पहिल्यांदाच कुणीतरी तोंडावर सांगितलं.
नेमगोंडा मान खाली घालून पावतीबुकातल्या
कार्बनची घडी सरळ करत बसला.

दोन वर्षं भोसरीत होतो, असल्याच कामावर.
मी आलो म्हटलं की खोलीतल्या पोरी हसायच्या.
आठवडाभरात आले म्हणायला शिकले.
व्हयचं हो झालं, न्हाईचं नाही.
शब्द न शब्द स्वच्छ पोचायचा.
फक्त फोनवर आई विचारायची,
"कोण बोलतंय?"

तळ तसाच ठेवून वरचं तेवढं हलवता येतं का,
मी विचारलं.
नेमगोंडानं चष्मा कपाळावर सरकवला.
"येतंय की. वाह घे नि उद्यमनगरात जा,
धनाजी सुताराकडं. त्याला सांग,
मूळ आवाजाची एक वाट निराळी काढ,
न गाळता तशीच पुढं सोड.
भाईर पडताना दोघं भेटत्यात.
खरखरीचं काय न्हवं, पॉट बदलायचा."

साडेतीन हजाराला दिला.
धनाजीनं लेथच्या शेजारी बसून
दुपारच्या सुट्टीत दोन तारा डकवल्या,
डबा अर्धा खाल्ला, अर्धा राहिला.
रबर चिकटवायला चप्पल लाईनीत गेलो.
त्या म्हाताऱ्यानं सोल्यूशन लावलं, ठोकलं,
पैसे घेतले नाहीत, उलटसुलट बघून एवढंच विचारलं,
"एकाच पायाची व्हय ही?"

रात्री जवाहरनगरच्या खोलीत
अनवाणी पाय ठेवला. टाच. मग बोटं.
खालचा सूर जागचा हलला नाही,
त्याच्या वर मात्र कुणीतरी तोंड उघडलं.
व्हऽऽय.
परत वाजवलं.
व्हऽऽय.
जिन्यातून घरमालकीण ओरडली,
"हाक मारलीस काय गं?"
न्हाई म्हणणार होतो,
पाय आधीच पुढं झुकलेला.